मृतास दिलेलें वचन कोणीं राखावें?

बाजारांत घोंगडी घेणारा मनुष्य ती उन्हांत धरून पाहतो. बैल घेणारा त्याचे दांत मोजतो. जोंधळे घेणारा चार दाणे दाढेखालीं फोडून पाहतो. मग माल वाईट निघाला तर पुढच्या बाजारीं तो त्याच दुकानापुढें जाऊन उभा राहतो व चार लोकांदेखत दुकानदारास जाब विचारतो. खरेदी करणाऱ्याचें सारें संरक्षण या दोन गोष्टींत आहे: आधीं पाहणें व मागाहून विचारणें. परंतु एक खरेदी अशी आहे कीं, तींत या दोहोंपैकीं एकही गोष्ट साधत नाहीं. जो मनुष्य आपल्या स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे जिवंतपणीं भरून ठेवितो, तो घेतलेली वस्तु आधीं पाहूं शकत नाहीं, आणि ती मिळाली कीं नाहीं हें विचारावयास मागाहून येऊंही शकत नाहीं. असा व्यवहार धर्माला धरून आहे काय, आणि असेल तर त्यांत कोणाचें कर्तव्य काय, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत हा व्यवहार फार वर्षांपासून चालत आला आहे. म्हातारा मनुष्य अंत्यविधि करणाऱ्या व्यावसायिकाकडे किंवा एखाद्या कंपनीकडे जातो. शवपेटी कोणती, गाडी कोणती, दफन कीं दहन, हें ठरवितो. आणि आजच्या दरानें सारी रक्कम एकदम किंवा हप्त्यांनीं भरतो. पुढें भाव चढले तरी ठरलेलें काम करून देऊं, असें वचन पुष्कळ करारांत असतें. आपल्या देशांत ही रीत नवी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यांत मुंबईकडील एका कंपनीनें अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचें दालन मांडलें व ३७,५०० रुपये दर सांगितला, तेव्हां पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. परंतु थट्टेनें विषय संपत नाहीं. मुलें पुण्यामुंबईस किंवा परदेशीं गेलेलीं आणि आईबाप गांवीं एकटे, अशीं घरें आतां खेड्यांतही आहेत. शिवाय ज्या गांवीं कोणतीही कंपनी पोहोंचलेली नाहीं तेथेंही कित्येक ठिकाणीं मयत-फंड असतो: दर घरामागें थोडी वर्गणी, आणि घरांत मरण आलें म्हणजे पेटीचा, कापडाचा व कबर खणण्याचा खर्च फंडांतून. नांव निराळें असलें तरी मूळ गोष्ट एकच आहे. पैसा आज द्यावयाचा, व काम मरणानंतर व्हावयाचें.

कोणी म्हणतील, "उद्यांची चिंता करूं नका असें प्रभूनें शिकविलें असतां, विश्वासणाऱ्यानें आपल्या कबरेची तजवीज आधीं कां करावी?" आमच्या मतें चिंता व तजवीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विश्वासणाऱ्यांचा पिता जो अब्राहाम, त्यानें सारेच्या मरणानंतर मकपेलेची गुहा विकत घेतली, ती एका सारेपुरती नव्हे. तींत तो स्वतः, त्याचा पुत्र इसहाक व नातू याकोब हेही पुढें पुरले गेले. त्या खरेदीची रीतच आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. हेथी लोक त्यास जागा फुकट देत होते. त्यानें ती घेतली नाहीं. त्यानें नगराच्या वेशींत सर्वांच्या कानांवर जाईल असा भाव ठरविला, व्यापाऱ्यांत चालणारें चारशें शेकेल रुपें तोलून दिलें, आणि शेत, गुहा व बांधावरचीं झाडें हीं सर्व नांवानिशीं लिहून आलीं आहेत. फुकट दिलेली जागा उद्यां एफ्रोनाच्या नातवानें परत मागितली असती, तर अब्राहामाचा नातू काय बोलला असता? आपण नसतांना आपला हक्क कोण सांगेल, हा विचार त्यानें आधीं केला होता. यास अविश्वास म्हणतां येणार नाहीं. ज्यांस आपण मागें ठेवून जातों त्यांच्यावरील ही प्रीति होय.

परराष्ट्रीयांतही हा विचार फार जुना आहे. रोम शहराच्या दक्षिणेस लानूवियम नांवाचें नगर होतें. तेथें इ. स. १३६ च्या सुमारास गोरगरिबांनीं एक मंडळी स्थापिली होती. तींत दासही सभासद होत. तिचे नियम संगमरवरी दगडावर कोरलेले आहेत व तो दगड सांपडला आहे. प्रवेशाची फी शंभर सेस्तर्स व चांगल्या द्राक्षारसाचा एक घडा. पुढें दरमहा थोडीशी वर्गणी. सभासद वारला म्हणजे त्याच्या विधीसाठीं तीनशें सेस्तर्स मिळत, त्यांतून पन्नास प्रेतयात्रेस येणाऱ्यांत वांटले जात. वर्गणी लागोपाठ थकली तर हक्क बुडत असे. कोणी नगरापासून वीस मैलांपलीकडे मेला, तर तिघे निवडून पाठवावे, त्यांनीं विधि करून लोकांस हिशेब द्यावा, आणि हिशेबांत लबाडी आढळली तर चौपट दंड भरावा. एखाद्या दुष्ट धन्यानें दासाचें प्रेतच दिलें नाहीं, तर त्याची प्रतिमा करून तिचा विधि करावा. आणि या सर्वांच्या आरंभीं अशा अर्थाची सूचना आहे कीं, ज्याला आंत यावयाचें आहे त्यानें हे नियम आधीं वाचावे, म्हणजे मागाहून त्याची तक्रार राहणार नाहीं व त्याच्या वारसास भांडण वारशानें मिळणार नाहीं. जवळजवळ एकोणीसशें वर्षांपूर्वीं दासांनीं व मजुरांनीं जें ओळखलें, तें पुढें मोठमोठ्या सरकारांस फार उशिरां सुचलें.

इंग्लंडांत गरिबाला मरणापेक्षांही कंगालाच्या मातीचें भय अधिक वाटे. तेथें १८३२ सालीं कायदा झाला कीं, अनाथगृहांत मेलेल्या ज्या मनुष्याचें प्रेत कोणी मागत नाहीं, तें वैद्यकीय शाळांस चिरफाड करण्यास देतां यावें. या भयानें मजूर लोक पोटास चिमटा घेऊन आठवड्याची एक पेनी दफन-मंडळ्यांत भरूं लागले. कांहीं मंडळ्या चांगल्या चालल्या; कांहींचे खजिनदार पैसा घेऊन नाहींसे झाले; आणि लोकांस असाही संशय येऊं लागला कीं, लेंकराच्या मरणाचे पैसे मिळतात म्हणून कोणी लेंकराच्या जगण्याची हेळसांड करील. म्हणून १८७५ च्या कायद्यानें पांच वर्षांखालील मुलाच्या मरणावर ६ पौंडांहून व दहा वर्षांखालील मुलाच्या मरणावर १० पौंडांहून अधिक रक्कम देण्यास बंदी केली. यावरून दिसतें कीं, मरणासाठीं पैसा सांठविणें ही चांगली गोष्ट असली तरी तिच्याभोंवतीं कुंपण नसेल तर तींत लांडगा शिरतो.

आतां मुख्य प्रश्न. कोणी असें बोलतात: "मेलेल्यास पेटी सागवानी मिळाली काय, साधी मिळाली काय, किंवा मुळींच न मिळाली काय, त्याला कांहीं कळत नाहीं. ज्यास दुःख होत नाहीं त्याच्यावर अन्याय कसला?" हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड दिसतो, आणि आम्हां ख्रिस्ती जनांस तर पुनरुत्थानाची आशा पेटीवर अवलंबून नाहीं हें ठाऊकच आहे. तथापि हा युक्तिवाद तीन ठिकाणीं मोडतो. पहिलें हें कीं, पैसा मृतापासून घेतलेला नाहीं. तो जिवंत मनुष्याच्या हातून घेतला आहे. ज्या दिवशीं घेणाऱ्यानें तो आपल्या खर्चास लावला, त्याच दिवशीं चोरी झाली, आणि त्या दिवशीं देणारा जिवंत होता. दुसरें असें कीं, त्या म्हाताऱ्या मनुष्यानें केवळ पेटी विकत घेतली नव्हती. "माझ्या मागें माझ्या मुलीस कोणापुढें हात पसरावा लागणार नाहीं," ही मनाची स्वस्थता त्यानें घेतली होती. वचन पोकळ असेल तर त्याला रोज रात्रीं खोटें नाणें मिळत होतें. तिसरें, प्रेत दारांत असतां घाव जिवंतांवर पडतो. जिनें वाटलें होतें कीं सर्व भरलेलें आहे, त्या विधवेस त्याच सकाळीं सावकाराकडे जावें लागतें; आणि दुःखाच्या त्या घडीस मनुष्य भाव करीत नाहीं, जो आंकडा सांगितला जाईल त्यास मान हलवितो.

याहूनही खोल गोष्ट एक आहे. आम्ही जीं वचनें पाळतों, त्यांपैकीं पुष्कळ यासाठीं पाळतों कीं, न पाळल्यास समोरचा मनुष्य रागावेल, पुनः आपल्याकडे येणार नाहीं, किंवा न्यायालयांत खेंचील. मृत यांपैकीं कांहींच करीत नाहीं. यास्तव मृतास दिलेलें वचन हें प्रामाणिकपणाची खरी कसोटी आहे. परंतु त्यावरून दुसरीही गोष्ट निघते, व ती विसरतां कामा नये: सर्वच मनुष्यें या कसोटीस उतरत नाहींत. म्हणून केवळ विश्वासावर हा व्यवहार सोंपविणें हा दुबळ्या मनुष्यास परीक्षेंत लोटण्याचा प्रकार आहे.

तसें घडल्याचे दाखले दूरचे नाहींत. अमेरिकेच्या मिसूरी राज्यांतील नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस या कंपनीनें अनेक राज्यांतील लोकांकडून अंत्यविधीचे पैसे आगाऊ घेतले. तो पैसा विश्वस्तनिधींत व विम्यांत सुरक्षित राहावयाचा होता. तो भलत्याच कामीं लावण्यांत आला. २००८ मध्यें कंपनी बुडाली, नुकसान ४५ कोटी डॉलरांहून अधिक ठरलें, आणि २०१३ मध्यें तिच्या चालकांस तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. इंग्लंडांत मार्च २०२२ मध्यें दुसरी एक कंपनी कोसळली. तिच्या नांवाचा अर्थच "सुरक्षित हात" असा होतो: सेफ हॅन्ड्स. सुमारें ४६,००० लोकांनीं तिच्याकडे पैसे भरले होते, आणि त्या सर्वांचे विधि करण्यास पुरेल इतकें धन निधींत नव्हतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें गंभीर फसवणुकीचा तपास करणाऱ्या तेथील सरकारी खात्यानें चौकशी सुरू केली. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या देशांत २००२ पासून असा कायदा होता कीं, ज्या कंपनीनें ग्राहकांचा पैसा विश्वस्तनिधींत किंवा विम्यांत ठेवला तिजवर सरकारी देखरेखीची गरज नाहीं. म्हणजे पेटी होती, कुलूप होतें, परंतु पेटी उघडून पाहणारा कोणी नव्हता.

त्या देशानें पुढें काय केलें? २९ जुलै २०२२ पासून हा सर्व धंदा तेथील आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या मंडळाच्या ताब्यांत दिला. परवान्यावांचून असे करार विकतां येत नाहींत. अनोळखी मनुष्यास आपण होऊन टेलिफोन करून करार विकण्यास बंदी झाली. मध्यस्थास दलाली देण्यास बंदी झाली. जो करार शेवटीं विधीच करून देत नाहीं, केवळ थोडी रक्कम देऊन हात झटकतो, तो विकतां येत नाहीं. हप्ते सुरू होऊन दोन वर्षांच्या आंत मनुष्य वारला तर एक तर विधि करून द्यावा, नाहीं तर भरलेले पैसे परत करावे. तक्रार ऐकण्यास स्वतंत्र पंच आहे, व कंपनी बुडाल्यास भरपाईची योजना आहे. अमेरिकेंत १९८४ पासून असा नियम आहे कीं, अंत्यविधीचा धंदा करणाऱ्यानें प्रत्येक जिन्नसाचा व कामाचा दर निरनिराळा लिहिलेला कागद विचारणाऱ्याच्या हातीं दिला पाहिजे. टेलिफोनवर विचारलें तरी दर सांगितला पाहिजे. आणि पेटी दुसरीकडून आणली म्हणून काम नाकारतां येत नाहीं. पैसा कोठें ठेवावा याचे नियम मात्र तेथें राज्यागणिक निरनिराळे आहेत.

आपल्या देशांतील कायदा काय म्हणतो, हें उपदेशक बंधूंनीं जाणून असणें इष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलांत आहे. मोल देऊन घेतलेल्या सेवेंत उणीव राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नेतां येते. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती केली पाहिजे. आणि दिलेलें मोल पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ग्राहक मरण पावल्यास त्याच्या वारसास तक्रार करण्याचा हक्क या कायद्यानें स्पष्ट शब्दांनीं दिला आहे. मृतास जीभ नाहीं; कायद्यानें वारसाची जीभ त्यास दिली. परंतु ज्या वारसास करार झाल्याचेंच ठाऊक नाहीं, ज्याच्या हातीं पावतीच नाहीं, तो काय बोलणार? सरकारनें दिलेलें शस्त्र घरच्या अबोल्यामुळें म्यानांतच गंजतें.

कित्येक भाविक वडील असें म्हणतील कीं, "बंधुजनांत हिशेब व साक्षी कशाला? मंडळीचा फंड मंडळीच्या वडिलांजवळ आहे, तेवढें पुरे." आम्ही नम्रपणें भिन्न मत देतों. यरुशलेमेंतील गरिबांसाठीं गोळा केलेला पैसा नेतांना प्रेषित पौलानें आपल्या एकट्याच्या हातीं तो घेतला नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला मनुष्य त्यानें बरोबर घेतला, कीं प्रभूपुढें तसेंच मनुष्यांपुढेंही कोणाला बोट दाखवावयास जागा राहूं नये. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयीं कोणास शंका होती म्हणून त्यानें असें केलें नाहीं. जो प्रामाणिक आहे त्यासच हिशेबाची अधिक गरज आहे. कारण कागद नसेल तर खोट्या आरोपापासून त्याचें रक्षण कोण करील? उघडा हिशेब हा अविश्वासाची खूण नसून विश्वासाचें घर आहे.

म्हणून ज्यास आगाऊ पैसे द्यावयाचे आहेत त्यानें, मग घेणारी मोठी कंपनी असो कीं गांवचा फंड असो, पांच गोष्टी विचारून घ्याव्या. एक, माझा पैसा कोठें राहील? तो घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशांत मिसळणार असेल तर देऊं नये. निराळ्या खात्यांत, दोघातिघांच्या सहीवांचून निघणार नाहीं असा असावा, व त्याचा हिशेब दरसाल कोणी बाहेरच्यानें तपासावा. दोन, या रकमेंत काय येतें व काय येत नाहीं? पेटी आली, पण गाडी आली काय? जागेचे पैसे आले काय? मरण दुसऱ्या गांवीं आलें तर आणण्याचा खर्च कोणाचा? बहुतेक भांडणें न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. तीन, मन पालटलें, गांव सुटला किंवा हप्ता थकला तर काय परत मिळेल? चार, घेणारा वारला किंवा त्याचा धंदा बंद झाला तर वचन कोण पुरें करील? पांच, आणि हें त्यानें स्वतःस विचारावें: माझ्या घरांत हें कोणास ठाऊक आहे? कागद पेटीच्या तळाशीं दडवून ठेवूं नये. मुलगा, मुलगी, किंवा कोणी नसेल तर एखादा विश्वासू शेजारी, यांस तो वाचून दाखवावा व त्याची नक्कल द्यावी.

ज्याला या पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळत नाहींत त्यानें संकोच न करितां उठून यावें. त्यानें तेवढीच रक्कम पोस्टांत किंवा बँकेंत आपल्या नांवें ठेवून वारसाचें नांव त्या खात्यावर नोंदवावें. त्यांत भाव चढण्याचें भय आहे खरें. परंतु पैसा कोठें आहे हें ठाऊक असतें, आणि आजारपणांत तो औषधालाही उपयोगीं पडतो. जिवंत मनुष्याचें औषध तोडून मृताची पेटी सजवावी अशी कोणाचीही इच्छा असूं नये.

आणि येथें विकणाऱ्याच्या एका युक्तीविषयीं सांगणें भाग आहे. तो क्वचितच पेटी विकतो. बहुधा तो लाज विकतो. "तुमच्या बापाची माती अशी साधी होणार काय? लोक काय म्हणतील?" या एका वाक्यानें घरें कर्जांत गेलीं आहेत. आपल्या खेड्यांतही मयतीच्या जेवणापायीं शेताचा तुकडा गहाण पडल्याचें वाचकांनीं पाहिलें असेल. प्रभूचें शरीर उसन्या कबरेंत ठेवलें गेलें, व तेथें कोणतीही मिरवणूक नव्हती; तरी त्या दफनांत कोणास उणें दिसलें नाहीं, कारण तेथें प्रीति होती. जो आपल्या हयातींत घरच्यांस स्पष्ट सांगून ठेवितो कीं, "माझी माती साधी करा," त्यानें त्यांस कोणत्याही करारापेक्षां मोठें संरक्षण दिलें.

शेवटीं योसेफाची आठवण देतों. त्यानें मिसरांत मरतांना इस्राएलाच्या पुत्रांकडून शपथ घेतली कीं, देव तुम्हांस येथून नेईल तेव्हां माझ्या अस्थि घेऊन जा. शपथ घेणारे सर्व मेले. त्यांचीं मुलें दास झालीं. पिढ्या लोटल्या. तरी निघण्याच्या त्या घाईच्या रात्रीं मोशेनें त्या अस्थि बरोबर घेतल्या, अरण्यांत त्या वाहिल्या गेल्या, आणि शेवटीं शखेमांत, याकोबानें रुपें देऊन घेतलेल्या जमिनींत त्या ठेवण्यांत आल्या. योसेफास ज्यांनीं पाहिलें नव्हतें त्यांनीं त्यास दिलेलें वचन पुरें केलें. हें कसें झालें? शपथ एका मनुष्याच्या कानांत दिलेली नव्हती. ती साऱ्या घराण्यानें ऐकली, मुलांस सांगितली, व जागती ठेविली. आमच्या खेड्यांतील प्रत्येक मंडळीनें आपला मयत-फंड असाच सांभाळावा: वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष हिशेब वाचावा, कोणाचें किती जमा आहे हें त्याच्या घरच्यांच्या कानांवर घालावें, आणि वहीवर एकाची नव्हे तर तिघांची सही असावी. मग जो वडील आज आपली वर्गणी ठेवून घरीं जातो, त्याला मागाहून विचारावयास येतां आलें नाहीं तरी चिंता नाहीं. त्याच्याकरितां विचारणारे पुष्कळ असतील.